देखा कि सुना?

"निवृत्त झाल्यापासून बाबा दिवसभर बातम्यांतच असतात, रात्री झोपत नाहीत, टीव्ही बंद केला की भडकतात. काय करावं?" जळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. बहुतेक घरांत बाबा टीव्ही बघत असतात. या घरातले टीव्हीत होते.

कुटुंब अमळनेरकडचं. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. साहेब लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. कर्नलला 54 व्या वर्षी घरी यावं लागतं. त्याच वयाचा शेजारचा बँकवाला पुढची सहा वर्षं डबा घेऊन जातो. साहेब शेत बघू लागले, अधूनमधून पेपरात सीमाप्रश्नावर लिहू लागले. नावापुढे 'कर्नल' आणि नावानंतर कंसात 'निवृत्त' छापून यायचं. तो कंस त्यांना खुपायचा, असं त्यांनीच नंतर सांगितलं. मग एका वाहिनीने चर्चेला बोलावलं, मग दुसरीने.

22 एप्रिल 2025 ला पहलगाम घडलं आणि 7 मेला ऑपरेशन सिंदूर. त्यानंतर दिवसाला चार-चार वाहिन्या. मे संपताना बाई एकट्याच माझ्याकडे आल्या.

"नऊच्या डिबेटला घरातला कुलर बंद, मॅडम. आवाज जातो म्हणे. मे महिन्यात! तुम्ही इथल्याच, तुम्हाला काय सांगायचं. कुकरची शिट्टी नको, फोडणीचा आवाज नको. सासूबाई ओट्यावर पदराने वारा घेत बसायच्या. एकदा यांना म्हणाल्या, 'भाऊ, टीव्हीमा बोलस, मन्हासंगे का बरं बोलत नही?'"

10 मेला संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबला. आठवडाभरात वाहिन्यांचे फोनही थंडावले. "फोन वाजत होता तेव्हा झोपत नव्हते. आता वाजत नाही, तरी झोपत नाहीत."

साहेब आले ते बायकोच्या आग्रहाखातर. खुर्चीत ताठ बसले, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. झोप, दारू, रक्तदाब, जुन्या पोस्टिंगची स्वप्नं हे सगळं आधी विचारावंच लागतं. मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं, तिथे फार काही निघालं नाही. मग मी घाई केली. म्हटलं, महिनाभर टीव्हीवर जाऊच नका. साहेब "ठीक आहे" म्हणाले आणि तीन आठवडे फिरकले नाहीत. चूक माझी होती. त्यांच्याकडे उरलेली एकमेव ड्युटी मी काढून घेत होते.

परत आले तेव्हा स्वतःहून बोलले. 8 मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या बऱ्याच वाहिन्यांनी चालवल्या होत्या. त्या खोट्या निघाल्या. साहेब तेव्हा एका पॅनलवर होते. सहा चौकटींपैकी एक त्यांची. अँकरने विचारलं, असं होऊ शकतं का? हे म्हणाले, "शक्य आहे." दोन मिनिटांत खालच्या पट्टीवर त्यांच्या नावासकट दुजोरा फिरू लागला. मध्यरात्री त्यांच्या जुन्या पलटणीतल्या एका जवानाच्या बायकोचा फोन आला. "साहेब, तुम्ही म्हणताय म्हणजे मोठं युद्ध लागलं ना? यांचा फोन लागत नाहीये."

बराच वेळ ते टेबलावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गस्तीवरून परत आलेल्या पोराला मी पहिला प्रश्न विचारायचो : देखा कि सुना? सुना म्हणाला तर तसंच लिहायचं, सुना. आणि मी त्या रात्री काय केलं? ना देखा, ना सुना."

त्यांची झोप इथे अडली होती. टीव्ही, वय, कुलर हे सगळं त्याच्या आजूबाजूचं. आयुष्यभर ज्याने 'माहीत नाही' हे खणखणीत आवाजात सांगितलं, त्याला चाळीस सेकंदांत काहीतरी सांगावंच लागत होतं, कारण तो गप्प बसला तर शेजारची चौकट बोलणार. (अँकरवर मला राग नाही असं नाही, पण ते माझ्या खुर्चीत येऊन बसत नाहीत.)

मी त्यांना कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांच्या त्या दिवसांतल्या ब्रीफिंग पुन्हा बघायला सांगितल्या. मोजकं वाक्य, जागा, वेळ, बस. साहेब हसले, "ही आमची भाषा." लष्करी कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नये, ही 26 एप्रिलची सरकारी सूचना त्यांना पाठ होती. चर्चेच्या कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका, असं वाहिन्यांना 10 मेला सांगावं लागलं, तेही माहीत होतं. घरात त्या भोंग्याने आई दचकायची, हे मात्र त्यांना बायकोने माझ्यासमोर सांगितलं तेव्हा कळलं.

मग त्यांनी स्वतःच एक वही केली. कार्यक्रमाआधी तीन रकाने : पाहिलेलं, ऐकलेलं, माहीत नसलेलं. तिसरा रकाना कॅमेऱ्यासमोर वाचायचा. घटना चालू असताना बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी बोलायचं. अर्थात फोन कमी झाले. ऑगस्ट अवघड गेला. एक दिवस ते माझ्यावरच चिडले. पहाटे सैन्यभरतीसाठी पळणाऱ्या पोरांना ते मैदानावर वेळ लावून पळवू लागले, त्यातून थोडं सावरले.

म्हणून कुणाच्या घरी बातम्यांचं असं व्यसन लागलं, तर रिमोट लपवा असं मी आता सांगत नाही. आज दिवसभरात घरातल्या कुणी त्यांना काही विचारलं का, तेवढं आधी बघा म्हणते. शेताचं, पोराच्या नोकरीचं, काहीही.

10 नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला, त्या संध्याकाळचं बाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. अंगणात गेल्या सालच्या पऱ्हाट्या पेटवून साहेब भरताची वांगी भाजत होते, आई बाजूला भरीत ठेचायची बडगी घेऊन बसलेली. वाहिनीचा फोन आला, बाईंनी कानाला लावून दिला.

"मी काही पाहिलेलं नाही. उद्या सकाळी बोलू," एवढं म्हणून साहेबांनी वांगं उलटवलं. आई म्हणाली, त्या बाजूनं अजून कच्चं आहे.