माती तीच, मग गव्हाचा दाणा बारीक का?

प्रश्न : माती परीक्षण ठीक आहे, तरी गव्हाचा दाणा दरवर्षी चिमत चालला आहे. जमीन गव्हाला अयोग्य झाली का?

उत्तर : जमिनीची योग्यता माती, पाणी आणि तापमान या तिन्हींवर ठरते, माती परीक्षणात तापमान दिसत नाही. दाणा भरताना कमाल तापमान वारंवार ३० अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की पीक लवकर पिकतं, भरणीचे दिवस घटतात. जादा खताने ते भरून निघत नाही, खर्च तेवढा वाढतो.

जवळच्या हवामान केंद्राच्या किमान दहा वर्षांच्या नोंदींतून भरणीच्या काळातले असे दिवस मोजा. ते वाढत असतील, तर पेरणी लांबवू नका, लवकर येणारा वाण घ्या आणि भरणीत वारा नसताना हलकं पाणी द्या. वाऱ्यात पीक लोळतं.

गहू सोडून हरभऱ्याकडे वळायचं असेल, तर त्याआधी जमिनीतले क्षार मात्र नक्की तपासा. उष्णतेने बाष्पीभवन वाढतं, क्षार वर येतात, आणि हरभरा क्षारांना गव्हापेक्षा कितीतरी नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरपुढे असेल, तर हरभरा टाळाच. आधी निचरा सुधारा.