क्रोएशियाचा फुटबॉलपटू मारिओ मांजुकिच गोलांपलीकडेही अनेक प्रशिक्षकांना का हवासा वाटायचा?

कारण तो जणू पुढे खेळणारा बचावपटूच होता! जर्मन क्लब बायर्नसाठी 2013 च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) फायनलमध्ये गोल करणारा हा स्ट्रायकर इटलीच्या युव्हेंटस क्लबमध्ये डाव्या बगलेवर गेला आणि कुरकुर न करता मागे धावत राहिला. 2017 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये रेआल माद्रिदविरुद्ध त्याने छातीवर चेंडू घेतला, गोलकडे पाठ असतानाच हवेत उलटी किक मारली. युव्हेंटस सामना हरले, पण तो गोल विसरणं शक्य नाही.

2018 च्या वर्ल्डकप सेमीफायनलमध्ये क्रोएशियाकडून इंग्लंडविरुद्ध, जादा वेळेत 109 व्या मिनिटाला, पाय थकलेले असताना, विजयी गोल त्याचाच. फायनलमध्ये आधी त्याच्या डोक्याला लागून स्वयंगोल झाला. तरी 4-1 ने मागे असताना तो फ्रान्सचा गोलकीपर लोरिसच्या अंगावर धावून गेला आणि चेंडू जाळ्यात ढकलला. माझ्या मते तिथेच सगळा मांजुकिच दिसतो.