कोर्समध्ये सांगतात की पाप असं काही नसतंच. मग आजच्या अध्यात्मात पापाला काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मेडिटेशन कोर्समध्ये शिकवलं, पाप ही लोकांना घाबरवायला काढलेली जुनी कल्पना आहे, आत्म्याला काही चिकटत नाही, गिल्ट म्हणजे लो एनर्जी, ती सोडून द्या. आणि तरीही संकष्टीला ऑफिसात चुकून अंड्याचा केक खाल्लात ते तुमच्या मनातून जात नाहीये.

केकचं आधी सांगतो. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. उपास मोडला, पुढच्या संकष्टीला धरा, विषय संपला. बाप्पाला त्याहून मोठी कामं आहेत.

पण "गिल्ट सोडून द्या" यावर मला बोलायचंच आहे, कारण हे वाक्य आमच्या घरात वापरून झालंय.

माझ्या आईचं माहेर शेतकरी. आजोबा गेल्यावर 2011 मध्ये मामाने आईला तालुक्याला बोलावून घेतलं, म्हणाला सोसायटीचं पीककर्ज काढायचंय, त्याला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आई हातात डब्यात लाडू घेऊन गेली, भाऊ इतक्या दिवसांनी बोलावतोय म्हणून. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात तिचा फोटो काढला, अंगठा घेतला, पानापानावर सह्या घेतल्या आणि मामाने तिला उसाचा रस पाजून एसटीत बसवून दिलं. ते हक्कसोडपत्र होतं. आम्हाला कळलं तेव्हा फेरफार होऊन सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलेलं, आणि जमिनीचा रस्त्याकडचा पट्टा संपादनात जाऊन त्याचा मोबदलाही मामाच्या खात्यात आलेला. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिलाय हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर आधी सही घेतात. कोर्टात का गेला नाहीत असं कोणी खाली विचारू नका, आई नको म्हणाली. तिला भाऊबीजेला जायला एक घर हवं होतं.

तर पुढे मामाच्या मुलाचं लग्न जमेना. कोणीतरी पितृदोष सांगितला, मग मामा त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबली करून आला. तीन दिवसांचा विधी, कुशावर्तात अंघोळ, गव्हाच्या पिठाचा पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार, सगळं नीट केलं. कधीकाळी खानदानात कोणाच्या हातून नाग मेला असेल तर त्याच्या पापाची सोय झाली. सख्खी बहीण तिथून दोन तासांवर राहते, तिच्याकडे तो गेला नाही.

तरी मनाला शांती मिळाली नसणार, कारण नंतर त्याने तुमच्यासारखाच एक कोर्स केला आणि तिथून माणूस एकदम हलका होऊन आला. पाप-पुण्य सगळं मनाचे खेळ, मी स्वतःला माफ केलं, असं बारशाच्या पंगतीत सगळ्यांना सांगत होता. त्या कोर्समध्ये ज्याच्या ज्याच्याशी आपलं बिनसलंय त्याला माफ करायचा स्वाध्याय असतो म्हणे. एका रात्री आईच्या व्हॉट्सॲपवर त्याची व्हॉइस नोट आली. "ताई, मी तुला मनापासून माफ केलंय. तूही मला माफ कर. आपला हिशोब आपण युनिव्हर्सकडे सोपवू." आई तेव्हा मेथी निवडत होती. तिने मला ती नोट परत लावायला सांगितली, पूर्ण ऐकली, आणि विचारलं, "जमिनीचं काही बोललाय का रे?"

नाही, जमिनीचं काही बोलला नव्हता.

म्हणून सांगतो, पाप असतं. दुसऱ्याला पिडलं की ते पाप, तुकोबांनी "पुण्य पर उपकार पाप ते परपीडा" एवढ्यात संपवलंय आणि पुढे याला दुसरी जोड नाही असंही म्हणून ठेवलंय. अंडं, सोवळं, पाळी, कुठल्या वारी नखं कापली, यातलं काहीच त्यात बसत नाही आणि बहिणीची फसवून घेतलेली सही बरोबर बसते. आधुनिक अध्यात्माने पहिल्या यादीतली भीती काढली हे फार चांगलं केलं, पण त्या झाडलोटीत दुसरंही बाहेर फेकलं. पूर्वी निदान चोराला रात्री झोप लागत नसे, आता त्याला झोपेसाठी गाइडेड मेडिटेशन मिळतं.

मामा यावर विवेकानंद ऐकवतो. खरंय, शिकागोला 19 सप्टेंबर 1893 च्या भाषणात ते म्हणाले की माणसाला पापी म्हणणं हेच पाप आहे. पण तेच विवेकानंद पुढच्या वर्षी पत्रात लिहितात की गोरगरिबांच्या जिवावर शिकून त्यांच्याकडे ढुंकूनही न बघणारा प्रत्येक माणूस मी देशद्रोही समजतो. माणूस मुळात वाईट नाही असं सांगणारा त्याला केलेल्या कर्मातून सूट देत नाही.

आणि कोणी म्हणेल की हे सगळं जुन्या वळणाचं, तर अल्कोहोलिक्स अनॉनिमस बघा. दारू सोडू पाहणाऱ्यांची 1935 मध्ये सुरू झालेली चळवळ, तुमचा देव तुम्ही ठरवा म्हणणारी, याहून मॉडर्न काय पाहिजे. त्यांच्या बारा पायऱ्यांतली आठवी पायरी म्हणजे आपण ज्यांना दुखावलं त्या माणसांची यादी करायची, नववी म्हणजे शक्य तिथे त्यांच्याकडे थेट जाऊन भरपाई करायची, फक्त त्याने त्यांना किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार असेल तरच थांबायचं. माझ्या एका मित्राने हे केलंय. पाच मिनिटं डोळे मिटून सोडून देण्यापेक्षा हे किती अवघड असतं ते मी त्याच्या तोंडावर बघितलंय, उधारी बुडवलेल्या किराणावाल्यासमोर उभा होता तेव्हा.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. काही लोकांचा गिल्ट खरंच खोटा असतो. नवऱ्याचा मार खाऊन स्वतःलाच दोष देणारी बाई, मूल आजारी जन्मलं म्हणून मागच्या जन्माचं पाप शोधणारे आईबाप, अशांना कोणी सोडून द्या म्हणत असेल तर त्याच्या पाया पडावं. आणि तुम्हाला केकसारख्या गोष्टी दिवसरात्र छळत असतील, सारखं हात जोडून माफी मागत बसावं लागत असेल, तर गुरूआधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, त्यावर इलाज आहे. मी सगळेच कोर्स भंपक म्हणत नाहीये, श्वासाचा भाग मला स्वतःला उपयोगी पडतो.

पण पुढच्या सत्संगात हात वर करून एवढं विचारा: ज्याचं घेतलंय ते त्याला परत द्यायचं की नाही? सरळ हो आलं तर बिनधास्त जात राहा. आत्म्याच्या पातळीवर देणारा-घेणारा एकच, असलं काही सुरू झालं तर उठून या.

आणि माझा मामेभाऊ इथे उत्तरं वाचतो म्हणून त्यालाही सांगतो. सही घेऊन काढलेला हिस्सा बक्षीसपत्र करून परत देता येतो, मामाला मनात आणायचा अवकाश आहे. मुद्रांक शुल्क मी भरतो, वकील मी बघतो, आईला तालुक्याला मी घेऊन येतो. तारीख कळव.