वाचन पुन्हा सुरू करायचंय: मोठ्यांसाठी कादंबऱ्या आणि पाच वर्षांच्या लेकीसाठी चित्रांची पुस्तकं कोणती घ्यावीत?

ताई, तुम्ही औशाजवळच्या खेड्यात राहता, कॉलेजनंतर वाचन सुटलं, पुरस्कारांच्या याद्या बघून गोंधळ होतो आणि लेक आता पहिलीत जाईल, असं तुम्ही लिहिलंय. मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम बघते. तुमचा प्रश्न काउंटरवर सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं पुस्तक डोळे झाकून सांगते: देविदास सौदागर यांची 'उसवण'. लेखक तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले, तुळजापूरचे. त्यांनी स्वतः शिलाईकाम केलेलं आहे. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार या कादंबरीला मिळाला. रेडिमेड कपडे आले आणि टेलरचा धंदा बसला, एवढीच गोष्ट. पण ती बाहेरून बघून लिहिलेली नाही. पुस्तक बारीक आहे, घरकाम सांभाळून दोन-तीन दुपारी वाचून होतं. बऱ्याच दिवसांनी वाचायला बसणाऱ्या माणसाला पुस्तक संपवल्याचं समाधान लवकर मिळायला हवं, म्हणून चारपाचशे पानांचं काही मी पहिल्यांदा कधीच देत नाही.

आमच्याकडे एक जुने टेलर रोज फक्त पेपर वाचायला येतात. त्यांना मी 'उसवण' आग्रहाने दिली. परत करताना ते पुस्तकाबद्दल काही बोललेच नाहीत, स्वतःच्या दुकानाबद्दलच बोलत राहिले. जूनमध्ये शाळेच्या ड्रेसची कापडं कशी साचायची, दिवाळीच्या आदल्या रात्री गिऱ्हाईक दुकानातच कसं झोपायचं, आणि आता पँट आखूड करणं, चेन बदलणं एवढंच काम कसं उरलंय. कादंबरी वाचून माणूस स्वतःचं सांगायला लागला, याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

तुम्ही नवीन पुस्तकं विचारलीत, तरी 'उसवण' झाल्यावर एक जुनं जरूर वाचा: रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', 1971 ची. बोराडे सर तुमच्याच लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. 2025 च्या फेब्रुवारीत ते गेले. 'पाचोळा'तही शिंपीच आहे, गंगाराम, आणि त्याच्या संसाराची वाताहत त्याची बायको पारबती आपल्या तोंडाने सांगते. तिची भाषा तुम्हाला समजून घ्यावी लागणार नाही, ती तुमच्या घरातलीच आहे. ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचली की पन्नास वर्षांत काय बदललं ते दिसतं. गंगारामच्या गावात दुसरा शिंपी येतो, म्हणजे ज्याच्याशी भांडता येईल असा माणूस तरी समोर असतो. 'उसवण'मधल्या टेलरने भांडावं कुणाशी? दुकानात टांगलेल्या तयार शर्टाशी? मराठवाड्याबद्दल याहून नेमकं सांगणारी दुसरी जोडी मला सापडलेली नाही.

त्यानंतर आमच्या परभणीचे आसाराम लोमटे. 'आलोक' या त्यांच्या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. आधी कथा वाचा, मग 'तसनस' ही कादंबरी हातात घ्या. शेतकरी चळवळीच्या काळातून ती जाते. घरात कुणी बिल्ला लावून मोर्चाला गेलेलं असेल तर तुम्हाला ती आणखीच आत शिरून वाचता येईल.

मराठवाड्याबाहेरचं एकच सांगते: कृष्णात खोत यांची 'रिंगाण', 2023 चा अकादमी पुरस्कार. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी परत त्या मुलखात जातो. भाषा कोल्हापूरकडची आहे, सुरुवातीची पानं अडखळायला होतं. तिथे मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने वाचा, दहाएक पानांत कानाला सवय होते. जायकवाडीच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्या पैठणकडच्या लोकांनी तर ती वाचायलाच हवी. लेक मोठी झाली की तिला याच दुःखाचं मुलांसाठीचं पुस्तक द्या, ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा'. त्यात धरणात जाणारं गाव एका पोराच्या डोळ्यांनी दिसतं. ते पाचव्या-सहाव्या वर्षी नको, पाचवी-सहावीत द्या.

आता लेकीचं. इथे मी जास्त ठामपणे बोलणार आहे, कारण मोठ्या माणसाने चुकीची कादंबरी उचलली तर तो ती बाजूला ठेवतो, पण लहान लेकराला पहिलंच पुस्तक कंटाळवाणं दिलं तर त्याला सगळीच पुस्तकं तशी वाटायला लागतात.

माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात करा. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली 'राधाचं घर' ही छोट्या पुस्तकांची मालिका आणि 'यश'च्या गोष्टी पाच वर्षांच्या मुलीला अगदी बरोबर बसतात. लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाई एकच, त्यामुळे शब्दात नसलेलं बरंच काही चित्रात सापडतं. राधाच्या घरी आजी, आजोबा, काका आहेत, म्हणजे तुमच्या लेकीच्या ओळखीची माणसं. घर शहरातलं, बोलणं पुण्याकडचं, हे खरं आहे. काही आया मला विचारतात, आमच्या लेकरांना हे परकं वाटणार नाही का? माझ्या अनुभवात नाही वाटत, पण वाचून दाखवणाऱ्याने थोडं सैल व्हावं लागतं. आधी छापलंय तसं वाचा, मग चित्रावर बोट ठेवून आपल्या बोलीत बोला. "हे लेकरू कामून रडायलंय?" असं विचारलं की पोरगी चित्रात शिरते. आपली बोली म्हणजे अशुद्ध, ही भीती तिच्या मनात पुस्तकामुळे तरी बसू नये, असं मला फार वाटतं.

याच लेखिकेचं 'चित्रवाचन' नावाचं पुस्तकही आहे. अजून अक्षरं न जुळणाऱ्या मुलांसाठी माझी पहिली शिफारस तीच. आमच्याकडे शनिवारी सकाळी मुलं येतात तेव्हा मी ते मध्ये उघडून ठेवते आणि गप्प बसते. मोठ्यांची नजर चित्रावरून एकदाच फिरते, मुलं मात्र कोपऱ्यातलं शोधतात. एकाला मांजर दिसतं, दुसरी म्हणते ते रुसून बसलंय, तिसरा ते का रुसलं याची गोष्ट रचतो. तुम्ही फक्त "मग?" म्हणायचं. "यातून काय शिकलीस?" हा प्रश्न तेवढा विचारू नका. बसस्टँडवर मिळणाऱ्या चकचकीत गोष्टींच्या पुस्तकांत प्रत्येक पान संपलं की तात्पर्य असतं, आणि चित्रं अशी की राजा, शेतकरी, साधू सगळ्यांचा चेहरा एकच. स्वस्त पडतात म्हणून ती गठ्ठ्याने घेण्यापेक्षा चांगलं एकच घ्या. या वयात मुलं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात, आणि तसं मागणं चांगलंच असतं.

पैसे मोजकेच असतील तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीवर' हे संकेतस्थळ मोबाइलवर उघडा. 2015 पासून ते चालू आहे. मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, सगळ्या फुकट, आणि डाउनलोडही करता येतात. सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्या आहेत, तुमच्या लेकीसाठी पहिली आणि दुसरी बघा. दर्जा मात्र सारखा नाही, म्हणून आधी स्वतः चाळा, आवडलेल्या दोन-तीन गोष्टी झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घ्या आणि शिवून वही करा. मोबाइलवर वाचायला बसलं की मध्येच फोन येतो आणि गोष्ट तिथेच राहते.

पुढच्या वर्गांसाठी दोन नावं आत्ताच टिपून ठेवा, दोघेही आपल्याकडचेच. मूळ जालन्याचे भारत सासणे, ज्यांनी 2022 मध्ये उदगीरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, त्यांची 'समशेर आणि भूतबंगला' ही मुलांसाठीची रहस्यकथा, 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. आणि नांदेडचे सुरेश सावंत, त्यांच्या 'आभाळमाया' या मुलांच्या कवितासंग्रहाला पुढच्याच वर्षी तो पुरस्कार मिळाला. कविता तर आत्ताही म्हणून दाखवता येतील. शिवाय बालभारतीचं 'किशोर' मासिक, 1971 पासूनचं. त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात.

पुस्तकं मिळवायची कशी, तर लातूरच्या दुकानात नसतील तेव्हा थेट प्रकाशकाला फोन करा, टपालाने घरपोच येतात. पण विकत घेण्याआधी एक करा. तुमच्या गावात किंवा जवळ शासनमान्य वाचनालय असेलच, अगदी सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाचं का होईना. त्यांना अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो, आणि कुणी काही मागितलं नाही तर ठरलेलीच पुस्तकं येतात. तिथे जाऊन वरची नावं लेखक-प्रकाशकासह मागणीच्या वहीत लिहून या. वही नसेल तर साध्या कागदावर अर्ज द्या आणि त्यात चित्रांच्या पुस्तकांचा उल्लेख आवर्जून करा, कारण पाच वर्षांच्या वाचकासाठी अर्ज करणारं सहसा कुणी येत नाही.