स्विफ्टला १६ इंची अलॉय: "बसून जातात" म्हणजे नेमकं काय?

भाऊ, तुमची २०१८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १४ इंची लोखंडी रिम, आणि दुकानवाला म्हणतो, "चार होलचे १६ इंची अलॉय आहेत, बसून जातात." बसतात, खरं आहे. माझ्या स्विफ्टलाही बसले होते. वर्धा रोडला ऐंशीच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक उतरवलं, रिमच्या मधल्या भोकात बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे हबवर टेकूनच नाही राहिलं जी."

हब म्हणजे चाक ज्या मधल्या गोल भागावर बसतं तो. स्विफ्टच्या हबला रिमचं मधलं भोक ५४.१ मिमीचं लागतं. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना ते ६७.१ किंवा ७३.१ ठेवतात, म्हणजे एकच रिम दहा मॉडेलना विकता येते. मधली फट हब रिंगने, म्हणजे मध्ये बसवायच्या कड्याने भरायची असते. चार रिंगा लावल्या, थरथर गेली. तोवर बॅलन्सिंगवर जे पैसे उडवले त्याचा हिशेब मी घरी अजून सांगितलेला नाही.

स्विफ्टचे चार होल ४×१०० चे, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार. रिमही तशीच असेल तर इथवर दुकानदार बरोबर आहे. पण होंडा सिटीही ४×१००, आणि तिच्या नटाची चुडी १२×१.५, म्हणजे जाडी १२ मिमी आणि दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी. आपली १२×१.२५. चुकीचा नट दोन आटे सहज जातो, पुढे पाना लावून रेटला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, खराब. म्हणून प्रत्येक नट आधी हाताने फिरवून बघायचा.

यानंतर ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. रिमच्या मागच्या बाजूला 'ईटी' आणि एक आकडा कोरलेला असतो. कंपनीच्या रिमवरचा आकडा लिहून न्या. नव्या रिमचा आकडा १० ने कमी असेल तर चाक १० मिमी बाहेर सरकतं. रिकाम्या गाडीत काही कळत नाही. मागे तिघं बसवा, डिकीत सामान टाका आणि पूर्ण स्टेअरिंग वळवून खड्ड्यातून न्या. टायर मडगार्डला घासत असेल तर तेव्हाच आवाज येईल.

आता साइज. तुमचा टायर १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची (साइडवॉल) रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. १६५ च्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी साइडवॉल. दोन बाजूंचे २६४ आणि १४ इंची रिमचे ३५५.६ मिळून साधारण ६२० मिमी उंची. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला येणारा १८५/६५ आर १५ काढा: ६२१.५. १९५/५५ आर १६ काढा: ६२१. तिन्ही जवळपास सारखे, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण १९५/६५ आर १५ घेतला तर ६३४.५ होतो, काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०२ च्या वर असते.

मग १६ इंची का नको? साइडवॉल १३२ वरून १०७ वर येते. आपल्याकडे सिमेंट रोड संपून डांबर सुरू होतं तिथे जी पायरी असते, ती पावसाळ्यात पाण्याखाली दिसत नाही. तिथे टायर फुगतो नाहीतर रिम वाकते. १५ इंचीला १२० मिमी मिळतात. माझं मत विचाराल तर झेडएक्सआयचे कंपनीचेच जुने १५ इंची अलॉय शोधा. होल, हब, ऑफसेट, सगळं आपोआप जुळतं. फक्त टायर चढवण्याआधी रिम मशीनवर फिरवून बघा, वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असेल तर सोडून द्या.

टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघाच, ती टायर बनल्याची तारीख असते. २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, तुमच्या आताच्या टायरपेक्षा कमी नको. ८५ म्हणजे एका चाकावर ५१५ किलो. हवा सकाळी, गाडी थंड असताना दरवाज्याजवळच्या पट्टीप्रमाणे भरा. मे महिन्यात भर दुपारी जास्त प्रेशर दिसलं म्हणून काढू नका, ते उन्हाचं असतं.

आणि स्टेपनी लोखंडी १४ चीच राहणार. उंची जुळत असल्याने अडचणीला चालेल, पण अलॉयसोबत नट वेगळे आले असतील तर ते लोखंडी रिमला बसतीलच असं नाही. जुने चार नट पिशवीत बांधून डिकीत टाका. मला ही गोष्ट रामटेकच्या रस्त्यावर रात्री साडेदहाला कळली.