हाइझमनचा अंदाज बांधण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रासाठी लिहिलेला तुझा मसुदा वाचला. नवे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारे प्रशिक्षक) आले, त्यांच्याबरोबर पासिंगवर, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेण्यावर, भर देणारी नवी आक्रमणपद्धत आली, त्यामुळे तुमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा प्रमुख आक्रमक) यंदा हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, दावेदार ठरतो, असे तुझे म्हणणे आहे. भाषा उत्तम उतरली आहे. युक्तिवाद मात्र एकाच उदाहरणाच्या टेकूवर उभा आहे, आणि ते उदाहरण अर्थातच २०१९ चा हाइझमन विजेता क्वार्टरबॅक जो बरोचे आहे. नव्या पद्धतीचा विषय निघाला की अमेरिकेतले सगळेच लिहिणारे हल्ली तिथे जाऊन थांबतात. तेव्हा आधी त्याच्याकडेच नीट पाहू.

लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना २०१८ मध्ये बरोने २,८९४ यार्डांचे पासिंग केले आणि १६ टचडाऊन पास (शेवटच्या रेषेपलीकडे पोचून गुण मिळवून देणारे) दिले. अचूकता, म्हणजे सहकाऱ्यांनी झेललेल्या पासांचे प्रमाण, होती ५७.८ टक्के. पुढच्या मोसमात अचूकता ७६.३ टक्क्यांवर गेली, यार्ड ५,६७१ झाले आणि टचडाऊन ६०. हे आकडे तू दिलेस आणि ते खरेच आहेत, पण हाइझमनच्या लेखात ते जसेच्या तसे चालणार नाहीत. मतदान कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या साखळी गटांच्या) अंतिम सामन्यांनंतर लगेच बंद होते. त्या दिवशी बरोच्या नावावर ४,७१५ यार्ड आणि ४८ टचडाऊन होते. ओक्लाहोमाविरुद्धचे सात आणि क्लेमसनविरुद्धचे पाच टचडाऊन नंतरच्या दोन सामन्यांतले आहेत. मतदारांनी जे पाहिलेच नव्हते, ते त्यांच्या निर्णयाचे कारण म्हणून मांडू नकोस.

दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. बरोची नवी पद्धत ज्यांच्या नावाशी जोडली जाते ते, न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेले जो ब्रेडी, हे लुइझियाना स्टेटचे मुख्य ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नव्हते. ते पद स्टीव्ह एन्समिंगर यांच्याकडेच राहिले आणि ब्रेडी यांच्याकडे पासिंगच्या आखणीची जबाबदारी आली. बरो त्या संघात एक मोसम खेळलेला होता, पास झेलणारे जस्टिन जेफरसन आणि जमार चेस त्याच्या सवयीचे झाले होते. बदलली ती मुख्यतः एक गोष्ट: क्वार्टरबॅकच्या रक्षणासाठी जादा माणसे मागे न ठेवता वारंवार पाचही जणांना पास घेण्यासाठी पुढे सोडायचे आणि चेंडू कुठे जावा हे बरोने बचावाची मांडणी वाचून ठरवायचे. म्हणजे नव्या पद्धतीने त्याच्या खांद्यावरचा भार कमी केला नाही. उलट वाढवला, आणि तो पेलण्याची त्याची तयारी होती.

ही तयारी कशी दिसते हे पाहायचे असेल तर ७ सप्टेंबर २०१९ चा ऑस्टिनमधला टेक्ससविरुद्धचा सामना शोधून पाहा. लुइझियाना स्टेट ३७–३१ असे पुढे होते, शेवटची काही मिनिटे उरली होती, तिसरा डाऊन (चेंडू पुढे नेण्याच्या चार संधींतली तिसरी) होता आणि १७ यार्ड हवे होते. अशा वेळी बहुतेक संघ चेंडू हातात देऊन पळवतात, घड्याळ चालू ठेवतात आणि मग पंट करतात, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडतात. लुइझियाना स्टेटने पास खेळायचे ठरवले, टेक्ससने ब्लिट्झ सोडला (जादा बचावपटू क्वार्टरबॅकवर धाडले), बरो अंगावर येणाऱ्यांना चुकवत किंचित सरकला आणि त्याने चेंडू जेफरसनकडे दिला: ६१ यार्ड, टचडाऊन. तो खेळ सावकाश, पुन्हा पुन्हा पाहा आणि फक्त बरोच्या पायांकडे लक्ष ठेव. दडपण येत असतानाही त्याची नजर खाली वळत नाही. तुमच्या क्वार्टरबॅकच्या गेल्या मोसमातील चित्रफितींत असे प्रसंग किती सापडतात, हे मोजण्यात तुझा वेळ सत्कारणी लागेल. नव्या प्लेबुकच्या (डावांच्या वहीच्या) कौतुकात लागणार नाही.

आता ज्या प्रश्नाला तुझ्या लेखात जागाच मिळालेली नाही, त्याकडे वळतो. पद्धत नवी आहे ती कोणाला? संघाला, की क्वार्टरबॅकला? क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सने २०२२ मध्ये यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून) हाइझमन जिंकले तेव्हा मुख्य प्रशिक्षक लिंकन रायली यांची पद्धत त्या संघाला नवी होती, पण विल्यम्स ओक्लाहोमात तीच पद्धत खेळून आला होता. क्वार्टरबॅक मायकल पेनिक्स वॉशिंग्टनला गेला तेव्हा तिथले मुख्य प्रशिक्षक केलन डीबोअर त्याला इंडियानापासून ठाऊक होते. २०२३ च्या मतदानात तो दुसरा आला. उलट अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन मिल्रोचे पाहा. डीबोअर २०२४ मध्ये अलाबामात आले, सप्टेंबरअखेर जॉर्जियाला ४१–३४ असे हरवले आणि मिल्रोच्या नावाचा गाजावाजा सुरू झाला. पुढच्याच आठवड्यात व्हँडरबिल्टने ४०–३५ असा धक्का दिला आणि नोव्हेंबरात ओक्लाहोमाविरुद्ध तीन इंटरसेप्शनसह (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या पासांसह) तो दावा संपलाच. पद्धत तीच, शिकवणारेही तेच, पण ती मुरायला लागणारा काळ मिल्रोला मिळाला नव्हता. अपवाद आहेत, आणि बरो त्यांतला सर्वांत मोठा. पण अपवादावर अंदाज बांधणे हे धाडसाचे काम आहे.

आकड्यांविषयी एवढेच सांगतो की, पद्धतीने आकडे फुगतात हे मतदारांनाही कळते. क्वार्टरबॅक बेली झॅपीने २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीकडून ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाऊन असा विक्रम केला. तोही आपले कोऑर्डिनेटर झॅक किटली यांच्याबरोबरच तिथे आला होता. अंतिम चौघांतही त्याचे नाव नव्हते. ट्रॉफी अलाबामाच्या ब्राइस यंगला मिळाली. देशाच्या सहा विभागांतून प्रत्येकी १४५ पत्रकार, त्यांच्या जोडीला पूर्वीचे विजेते आणि चाहत्यांचे मिळून एक मत, अशी ही मतदारयादी आहे. प्रत्येकाने तीन नावे द्यायची आणि त्यांना अनुक्रमे तीन, दोन, एक गुण. एवढ्या विखुरलेल्या लोकांपैकी बहुतेकांना तुमचा क्वार्टरबॅक दिसणार तो राष्ट्रीय प्रक्षेपण होणाऱ्या दोन-तीन सामन्यांत. तेव्हा वेळापत्रक समोर ठेव आणि असे सामने कोणते, त्यांतले प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर किती, हे लिही. मसुद्यात वेळापत्रकाचा साधा उल्लेखही नाही याचे मला नवल वाटले.

माझे मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहितो: तुमचा क्वार्टरबॅक आणि हे कोऑर्डिनेटर यांनी यापूर्वी कधी एकत्र काम केलेले नाही, त्यामुळे यंदा मी त्याला पहिल्या पाचांत धरणार नाही. पुढच्या वर्षी धरीन, तेही दोघे तिथे राहिले तर. यशस्वी कोऑर्डिनेटर महाविद्यालयात फार दिवस टिकत नाहीत. ब्रेडी विजेतेपदाच्या त्याच महिन्यात, जानेवारी २०२० मध्ये, कॅरोलिना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेले. म्हणून तुमच्या कोऑर्डिनेटरांचा करार किती वर्षांचा आहे, हे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला विचारून घे आणि ती माहिती लेखात वरच्या परिच्छेदात घाल. सुधारलेला मसुदा पहिला सामना होण्यापूर्वी पाठव.

तुझा शुभचिंतक