रात्री गाडीतून आवाज येतो तेव्हा

प्रश्न : आम्ही जुनी कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेतली आहे. सगळे नळ बंद असतानाही रात्री दर वीस-पंचवीस मिनिटांनी ओट्याखालून 'घुर्रर्' असा आवाज येतो आणि दोन सेकंदांत थांबतो. मुलं दचकून उठतात. काय असेल?

उत्तर : बहुधा पाण्याचा पंप. 12 व्होल्टचा हा पंप पाइपमधला दाब उतरला की आपोआप सुरू होतो, दाब भरला की बंद पडतो. नळ बंद असताना तो चालतोय, म्हणजे दाब कुठून तरी निसटतोय. पंपाचं बटण बंद करा. अर्धा-पाऊण तास शांतता राहिली, तर चोर सापडला. रात्रीपुरतं एवढंच पुरे. बटण बंद ठेवून खुशाल झोपा.

सकाळी पंप चालू करून शोध घ्या. कोरडा टिश्यू पेपर एकेका जोडाभोवती फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच डाग पाडतो. नळांची तोंडं, शॉवर, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. टॉयलेटचं भांडं कोरडं पुसून तासाभरानं पाहा, तळाशी पाणी आलं असेल तर तिथला व्हॉल्व्ह गळतोय. सगळीकडे कोरडं असेल, तर पंपातल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेवर, संशय घ्या. त्यात कचऱ्याचा कण अडकला की पाणी उलटं टाकीत जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. पंपाआधीची गाळणी धुवा, मग पंपाचं डोकं उघडून व्हॉल्व्ह साफ करा.

पंपाचा आवाजच मोठा असेल, तर त्याच्या रबरी पायांचे स्क्रू पाहा. ते करकचून आवळले की रबर चेपतं आणि सगळी थरथर प्लायवूडमध्ये उतरते. रबर फुगीर राहील इतपतच आवळा. प्लायला घासणाऱ्या पाइपवर फोमचा तुकडा गुंडाळा.

प्रश्न : मध्येच एखादा 'बीप' येतो, पण कुठून ते कळत नाही. दुर्लक्ष केलं तर चालेल?

उत्तर : बीप मोजल्याशिवाय नाही. अर्ध्या-एका मिनिटानं एकच बीप येत असेल, तर बहुतेक वेळा गाडीतल्या गॅसच्या किंवा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मची बॅटरी उतरलेली असते किंवा त्याची मुदत संपलेली असते. मुदतीची तारीख सहसा अलार्मच्या पाठीवर असते. लागोपाठ बीप वाजत राहिले, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना उठवा आणि बाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे 'वास तर येत नाही' हा दिलासा खोटा आहे. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर बाहेर पडताच वैद्यकीय मदत बोलवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत बसवलेला असतो. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, दिव्याचंसुद्धा नाही. दार उघडं ठेवून बाहेर या आणि सिलिंडर बाहेरून बंद करा.

इन्व्हर्टरही बीप देतो. लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज 12 च्या खाली गेला असेल, तर आधी चार्जिंग करा.

प्रश्न : संध्याकाळी छतावर टकटक होते, आणि गाडी चालताना मागून 'घूंऽऽ' असा आवाज येतो.

उत्तर : छताचं सोडून द्या. दिवसभर तापलेला पत्रा थंड होताना आकसतो.

घूं मात्र तपासायला हवं. वेग तोच ठेवून गिअर बदला. आवाजात फरक पडला नाही, तर तो इंजिनाचा नाही, चाकांकडचा आहे. उजव्या वळणावर वाढला तर डाव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय, कारण वळताना भार तिकडे जातो. थांबल्यावर चारही चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हात नुसता न्या, टेकवू नका, आणि ऊब ताडून पाहा. एकच हब जास्त तापला असेल, तर पुढचा मोठा प्रवास बेअरिंग आणि ब्रेक दोन्ही दाखवल्यानंतरच. 'थप थप' असा ठेका ऐकू आला, तर लगेच सुरक्षित जागी थांबून टायर पाहा. फुगवटा दिसला तर स्टेपनी लावा.